भांडणाची चाचणी

"सर घरी काय काय बोलायचे, आजी? रोजची वाक्यं सांगा, अगदी साधी," असं म्हणत त्या मुलीने टॅबलेट बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि खुर्ची टेबलाशी ओढली.

मास्तरीणबाईंनी मान थोडी डावीकडे वळवली. समोरचं पाहायचं तर त्यांना बाजूला पाहावं लागे. डोळ्यांच्या मधोमध धुरकट काळा डाग बसला होता आणि जग होतं ते सगळं कडेकडेने उरलं होतं. कडेला आत्ता एक बारकी, ताठ बसलेली सावली होती, तिच्यामागे भिंतीला टेकलेली दुसरी, आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत मास्तर. मास्तर दिसले नसते तरी कळले असते. मानेवरच्या रुमालाआडून त्यांचा श्वास बारीक शीळ घालत ये-जा करायचा.

"साधी म्हणजे कशी?"

"म्हणजे पाणी मागताना, जेवताना, बाहेर जाताना. सर एका बोटाने टाइप करतात. त्यांचं एक वाक्य लिहून होईपर्यंत चहा गार होतो. म्हणून नेहमीची वाक्यं आम्ही तयारच ठेवणार. एक बटण, एक वाक्य."

ही पोरगी नववीतली. शाळेत मुलांनीच चालवायचे उपक्रम होते. आसपास कोणाची काय अडचण आहे ते शोधायचं, तिच्यावर एखादं यंत्र नाहीतर युक्ती काढायची, आणि शिक्षकांनी नुसतं मागे उभं राहायचं. त्या गटाची ही म्होरकी. मधल्या सुट्टीत ग्रंथालय बंद का, यावरून तिने एकदा मुख्याध्यापकांशी वाद घातला आणि जिंकला, तेव्हापासून सगळी शाळा तिला बॅरिस्टर म्हणायची. भिंतीला टेकलेली तिची मैत्रीण म्हणजे रेडिओ. बटण पिळल्याशिवाय बोलत नाही म्हणून रेडिओ. पण आवाजाचं सगळं काम तिच्याच हातात.

मास्तर त्याच शाळेत खेळाचे शिक्षक होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेल्याचं कळल्यावर या दोघींनी खेळाच्या सामानाच्या खोलीतून जुन्या कॅसेट उकरून काढल्या. क्रीडादिनाच्या घोषणा होत्या त्यांत, वर्षानुवर्षांच्या. रेडिओने त्यातून वारा, बँड आणि पोरांचा गलका गाळला आणि उरलेला मास्तरांचा आवाज यंत्राला शिकवला. आता काहीही लिहून दिलं की यंत्र ते मास्तरांच्या आवाजात म्हणणार होतं.

यंत्राचं काय ते मास्तरीणबाईंना कळलं नाही, पण त्याची निकड त्यांच्याइतकी कोणाला नव्हती. नवऱ्याला बोलता येईना आणि बायकोला वाचता येईना, असा दैवाने बरोबर हेरून जोडा जमवला होता. मास्तर पाटीवर लिहायचे, ती पाटी यांना दिसायची नाही. मानेला टेकवून बोलायचं एक उपकरण डॉक्टरांनी दिलं होतं. त्यातून भुंग्यासारखी गुणगुण यायची. मास्तरांनी ते एकदा लावलं आणि खणात टाकलं. मग उरल्या टाळ्या. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घर चालायला तेवढ्या पुरायच्या. पण "का" विचारलं तर त्याचं उत्तर टाळ्यांत बसत नव्हतं, आणि मास्तरीणबाईंच्या पोटात कित्येक महिने एकच "का" अडकून बसला होता.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर सहज बोलून गेले होते, की मास्तर पहिल्यांदा तपासायला आले तेव्हाच ऐकते तर आवाज वाचला असता. पहिल्यांदा? मास्तरीणबाईंना ना पहिली खेप माहीत होती, ना दुसरी. आयुष्यभर मैदानावर ओरडलो, घसा बसणारच, असं म्हणत हा माणूस घरात नुसत्या गुळण्या करत राहिला होता. मला का नाही सांगितलं? शेजारणीला पाटी वाचायला बोलावून हे विचारता आलं असतं. पण असली गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून कोण ऐकतं? आणि ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडणं म्हणजे पडलेल्याला लाथ मारणं. म्हणून त्या मूग गिळून बसल्या होत्या.

"सांगा ना, आजी."

मास्तर घरी काय बोलायचे ते मास्तरीणबाईंना तोंडपाठ होतं. पण ते शाळेच्या पोरींपुढे सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या; कानाला यंत्र लावून परक्या माणसांशी गोड बोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि तीच भाषा बाहेर आली.

"लिही. कृपया थोडं पाणी मिळेल का."

खिडकीपाशी दोन टाळ्या वाजल्या.

"स्वयंपाक छान झाला आहे."

पुन्हा दोन, जरा जोरात.

"सर नाही म्हणताहेत," बॅरिस्टर म्हणाली.

"त्यांचं ऐकू नकोस. आपण काय बोलतो हे माणसाला स्वतःला कुठे ठाऊक असतं? लिही तू. तुला त्रास नसेल तर खिडकी लावशील का. मी जरा फिरून येतो, काळजी करू नकोस. आणि हो, आभारी आहे, हे एक घाल. ते सारखं लागेल."

मास्तरांनी टाळ्या सोडून दिल्या. त्यांच्या मानेपाशी श्वास धावून आल्यासारखा हलत होता. ते हसत होते, एवढं मास्तरीणबाईंना बरोबर कळलं.

पुढच्या खेपेला पोरींनी यंत्र मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. रेडिओने काहीतरी जुळवलं, बॅरिस्टरने "दाबा, सर" म्हटलं, आणि त्या दोन खोल्यांच्या घरात एकाएकी मैदान शिरलं.

"कृपया! थोडं पाणी! मिळेल का!"

मांडणीवरची ताटं झणझणली. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. आवाज मास्तरांचाच होता, तसूभरही फरक नव्हता. पण तो मैदानावरचा, शर्यत सुरू होण्याआधी पोरांना रेषेच्या मागे ढकलणारा. मास्तरीणबाईंनी तो आजवर शाळेच्या भिंतीपलीकडूनच ऐकलेला. घरातला माणूस कायम पुटपुटायचा. त्या खो खो हसत सुटल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. पाणी द्यायचं राहूनच गेलं.

"कमी करता येतो," बॅरिस्टर घाईघाईने म्हणाली.

कमी केला. आवाज बारीक झाला, पण हळू काही झाला नाही. तोच माणूस आता मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडू लागला.

"घरातल्या बोलण्याची एखादी टेप असती," रेडिओ पहिल्यांदाच बोलली, "तर मऊ करता आला असता."

"घरातलं बोलणं कोण टेप करून ठेवतं, बाळ?"

मैदानी तर मैदानी, असं म्हणून मास्तरीणबाईंनी तोच ठेवून घेतला.

पहिले काही दिवस गंमत वाटली. मग मात्र घराला अवकळा आली. सकाळी चहा हातात दिला की "आभारी आहे!" ताट वाढलं की "स्वयंपाक छान झाला आहे!" एकदा भाजी तळाला लागली, सगळं घर करपटलं, तरी "छान झाला आहे!" मास्तर यंत्रावर टिचकी मारायचे आणि गप्प व्हायचे. जास्तीचं काही लिहायला म्हणून त्यांनी बोट उचललं नाही. मास्तरीणबाईंना वाटायचं, कोणीतरी सभ्य गृहस्थ पाहुणा म्हणून येऊन राहिलाय आणि जायचं नावच काढत नाही. पाहुण्याला टाकून बोलता येत नाही. त्यामुळे त्याही "जेवून घेता ना?" नि "बरं वाटतंय ना?" करू लागल्या. टाळ्या होत्या तेव्हा निदान मास्तर कधी चिडून चार वाजवायचे. आता चिडायचीही सोय राहिली नव्हती. दिवसभर दोघं एकमेकांशी एक्स्चेंजच्या भाषेत बोलायची आणि त्या घरात दोघंही इतकी एकटी कधी पडली नव्हती.

शाळा सुटल्यावर पोरी आल्या तेव्हा मास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या.

"हा माणूस परत घेऊन जा."

"यंत्र बिघडलं का?" बॅरिस्टरने खांद्यावरची बॅग न उतरवताच विचारलं.

"यंत्र ठणठणीत आहे. माणूस बिघडलाय."

वादाला तोंड फुटावं आणि बॅरिस्टरने वाद घालू नये हे नवलच. तिची सावली तशीच उंबऱ्यापाशी उभी राहिली, आणि तिचा आवाज आला तो पार उतरलेला.

"पुढच्या आठवड्यात आम्हाला सगळ्या शाळेपुढे हे दाखवायचंय. पण आमचा नियम आहे, आजी. ज्याच्यासाठी केलं त्याच्या उपयोगी पडलं का, ते आधी विचारायचं. नसेल पडलं तर नाही पडलं, असंच सांगायचं. मी सांगेन तसं."

मास्तरीणबाई दारातून बाजूला झाल्या. या लेकराने उन्हातान्हात हेलपाटे घालावेत आणि आपण आपली अब्रू झाकायला तिला खोटी वाक्यं सांगावीत?

"आत ये. बस," त्या म्हणाल्या. "तुझं नाही चुकलं. मीच तुला खोटं सांगितलं. हा माणूस जन्मात कधी कृपया म्हणालेला नाही."

खिडकीपाशी एक टाळी वाजली. खणखणीत.

"मग काय म्हणायचे?"

"पाणी हवं असलं की म्हणायचे, या घरात पाणी मिळतं की विहीर खणू?"

एक टाळी.

"भाजीत मीठ जास्त झालं तर, मीठ आणायला समुद्रावर गेली होतीस का? मी बोलायला लागले की, आलं वादळ! माझा चष्मा हरवला की, चष्मा शोधायला आधी चष्मा आण. आणि मी कधी बरोबर ठरलेच, तर, तुझ्या माहेरी सगळे हुशार, एक तू सोडून."

प्रत्येक वाक्यामागे टाळी पडत होती. बॅरिस्टर भराभरा टाइप करत होती आणि हसू दाबताना तिच्या नाकातून आवाज निघत होता.

"अजून?"

"अजून एक आहे, पण त्यात काही नाही." मास्तरीणबाई जरा घुटमळल्या. "ते मधूनच हाक मारायचे, ऐकतेस का? मी म्हणायचे, काय? की म्हणायचे, काही नाही. दिवसातून इतक्यांदा, की मी वैतागायचे."

"ही दोन बटणं लागतील," रेडिओ भिंतीपासून म्हणाली. "शेजारी शेजारी ठेवू."

वाक्यं भरून झाली. जुनी सगळी काढून टाकली. "आभारी आहे" काढताना बॅरिस्टरने मास्तरांना विचारलं, तर टाळी इतकी जोरात आली की रेडिओ दचकली. मग बॅरिस्टरने हात झटकले आणि पुन्हा तिच्या आवाजात वकिली आली.

"आता चाचणी. सर उत्तर किती पटकन देऊ शकतात ते बघायचंय. आजी, तुम्ही भांडा."

"अशी कशी भांडू? कारण नको?"

"कारण काढा काहीतरी. रोज कशावरून भांडायचात?"

कारणांना काय तोटा होता? मास्तरीणबाई खुर्चीत सावरून बसल्या आणि मान डावीकडे वळवून मास्तरांना नजरेच्या कडेला घेतलं.

"अहो, कपाटाचा खण आज परत उघडा टाकलात. माझा गुडघा फुटला."

टिचकी वाजली.

"आलं वादळ!" मैदानाने जाहीर केलं.

"वादळ कसलं? एक काम धड करता येत नाही. उघडलेलं लावायचं असतं, हे पोराटोरांना कळतं."

"तुझ्या माहेरी सगळे हुशार! एक तू सोडून!"

बॅरिस्टरला आता हसू आवरेना. रेडिओ तर खदखदून हसत होती. तिला इतका मोठा आवाज आहे हे मास्तरीणबाईंना पहिल्यांदा कळलं. त्यांच्याही अंगात वारं शिरलं. किती महिन्यांनी जीभ अशी मोकळी सुटत होती! जिना उतरताना पाय आपोआप पुढे पडतात तसे शब्द पडत होते.

"माझ्या माहेराचं नाव काढू नका. माझ्या माहेरची माणसं भोळी असतील, पण लपवाछपवी करत नाहीत. काही झालं तर घरात येऊन सांगतात. डॉक्टरकडे एकटं जाऊन येऊन, वर गुळण्या करत बसत नाहीत."

टिचकी वाजली नाही.

"का नाही सांगितलंत मला?"

खोलीतलं हसणं थांबलं. मास्तरीणबाईंना हे आज बोलायचं नव्हतं, पोरींपुढे तर मुळीच नाही. पण तोंडातून निघालेलं परत कसं घेणार, आणि खरं म्हणजे त्यांना ते परत घ्यायचंही नव्हतं.

"मी दिवसभर याच घरात होते. शेजारच्या खोलीत होते. डॉक्टर मला ठाऊकच असेल असं समजून सांगत होते, की पहिल्यांदा आले तेव्हा ऐकते तर. मी मान डोलावली, माहीत असल्यासारखी. लाज वाटली मला. बायको म्हणवून घ्यायची लाज वाटली."

"आजी, आम्ही निघतो," बॅरिस्टर हळूच म्हणाली.

पण कोणी उठलं नाही, कारण खिडकीपाशी टकटक सुरू झाली होती. तयार वाक्याला एकच टिचकी पुरायची. ही टकटक थांबत थांबत, एकेक अक्षर शोधत चालली होती. बराच वेळ चालली. मग बोट एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटू लागलं. लिहिलेलं खोडत होते. पुन्हा टकटक, पुन्हा खोडणं. मानेवरच्या रुमालाआडची शीळ अडखळत होती. बॅरिस्टरची खुर्ची मदतीला उठावं तशी करकरली आणि तिथेच थांबली. बहुतेक रेडिओने तिचा हात धरला असावा.

मग पुन्हा टकटक झाली, अगदी थोडी.

"मी भ्यालो होतो!"

शेकडो पोरांना एका दमात रांगेत उभं करणारा आवाज होता तो. त्याला दबकं बोलणं ठाऊकच नव्हतं. खिडकीतून तो थेट रस्त्यावर गेला. खाली कोणाचं तरी झाडणं मध्येच थांबलं. त्या आवाजाला मास्तरांनी आयुष्यात कधी असलं काही बोलू दिलं नव्हतं, ना मैदानावर, ना घरात.

बॅरिस्टर झटकन पुढे झाली. "सर, कमी करते थांबा."

"राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय तेवढं बरं आहे."

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. त्याने काही जास्त दिसणार नव्हतं. उठून टेबलाची कड चाचपत त्या खिडकीपाशी गेल्या, आणि मास्तरांच्या समोर उभ्या राहून त्यांनी कंबरेवर हात ठेवले.

"भ्यालात तर भ्यालात. त्यात काय झालं? पण एकटे कशाला भ्यालात? मी काय मेले होते?"

तयार बटणं सोडून मास्तरांचं बोट पुन्हा अक्षरं शोधू लागलं, आणि मास्तरीणबाईंनी चाचपडत एक खुर्ची ओढून घेतली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

पोरी बॅगा उचलून दारापाशी पोचल्या होत्या. चपला घालताना बॅरिस्टरने दबक्या आवाजात विचारलं, "आजी, आम्ही उद्या येऊ?"

"उद्या नको गं," मास्तरीणबाई मागे न वळता म्हणाल्या. "परवा या. उद्यापर्यंत काही हे मिटायचं नाही."